हृदयाची लय आणि पोटातील पित्त : एका रुग्णाचा अनुभव

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त दीपनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीच्या मंडळींनी मला बोलण्याचा आग्रह केला तेव्हा मी म्हणालो, "अहो, मी डॉक्टर नव्हे. सारी नोकरी इथल्या वीज केंद्रात पाळीवर काढलेला माणूस. मी आरोग्यावर काय बोलणार?" त्यावर उत्तर मिळाले, "दुखणे तर तुमचेच आहे ना? मग तेवढेच सांगा." म्हणून उभा आहे. औषध सांगण्याचा मला अधिकार नाही. माझ्या डॉक्टरांनी वेळोवेळी जे समजावले आणि मी स्वतः जे भोगले तेवढेच सांगणार आहे. शिवाय माझ्या हातून घडलेली एक चूक या निमित्ताने आपल्यापुढे मांडायची आहे.

माझी दुखणी दोन. एक सर्वांच्या ओळखीचे. घशाशी आंबट येणे, छातीत जळजळ, ज्याला आपण पित्त किंवा ॲसिडिटी म्हणतो ते. आपल्या वैद्यकात अम्लपित्त हे नाव जुनेच आहे. माधवनिदानात त्यावर वेगळे प्रकरणच आहे. दुसरे दुखणे हृदयाचे. डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना शाळेच्या पुस्तकात अलिंद म्हटलेले आहे. ते आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात, असा हा रोग.

आता, मंडळी, आपल्या दीपनगरात हा रोग समजावून सांगणे सोपे आहे, कारण इथे घराघरांत कोणी ना कोणी केंद्रात काम केलेले आहे. २१० मेगावॅटच्या संचावर आम्ही होतो तेव्हा कंट्रोल रूममध्ये डोळ्यांसमोर एक काटा असे, ५० सायकलचा. मिनिटाला ३००० फेरे, ना कमी ना जास्त. जाळ्यावर जोडलेला प्रत्येक जनित्र त्याच तालावर फिरला पाहिजे. हृदयातही असाच एक ताल देणारा ठिपका आहे, उजव्या अलिंदाच्या वरच्या कोपऱ्यात. कीथ आणि फ्लॅक या दोघांनी तो १९०७ साली शोधून काढला. तो मिनिटाला साठ ते शंभर वेळा इशारा देतो आणि सारे हृदय त्याबरहुकूम चालते. माझ्या रोगात अलिंदाच्या जागोजागी चुकार ठिणग्या उडतात, मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे. मधली एक गाठ त्यांतल्या बऱ्याचशा अडवते, म्हणून माणूस जगतो. पण ज्या खाली उतरतात त्या वेळीअवेळी उतरतात. ज्यांना विजेचे कळत नाही त्यांनी भजन आठवावे. मृदंग एका लयीत आणि वीस टाळकरी आपापल्या मनाने टाळ कुटताहेत, असे काहीसे छातीत होते.

२०१५ साली मी निवृत्त झालो. दोन वर्षांनी हरिनाम सप्ताहात कीर्तन आटोपून साडेदहाला पंगत बसली. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. तुपात बुडवून किती बट्ट्या खाल्ल्या ते सांगत नाही, सौभाग्यवती समोरच बसल्या आहेत. घरी येऊन लगेच खाटेवर पडलो. रात्री दोनच्या सुमारास जाग आली ती छातीत पाखरू फडफडावे तशी. घशाशी आंबट, कपाळाला घाम. उठून खायचा सोडा पाण्यात घालून प्यालो, दोन ढेकर आले, पहाटेपर्यंत सारे शांत. मी निष्कर्ष काढला: गॅस. आठ महिने मी त्या गॅसला सोडा पाजत होतो. दवाखान्यात जाऊन छातीची पट्टीही काढली होती, पण त्या घडीला हृदय नीट चालत असल्याने पट्टी नीटच निघाली. पुढे छातीला तारा चिकटवून चोवीस तास चालणारे होल्टर नावाचे यंत्र बांधले, तेव्हा चोर सापडला. रात्री जेवणानंतर तीन तासांनी तो येत होता.

मग मी डॉक्टरांना विचारले, पोटाचा आणि हृदयाचा संबंध काय? त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवले. अन्ननलिका छातीतून खाली उतरते ती डाव्या अलिंदाच्या अगदी पाठीला लागून. दोघांमध्ये भिंत म्हणावी इतकी जागाही नाही. नळीद्वारे हृदयातल्या त्या चुकार जागा जाळून टाकण्याचा जो उपचार हल्ली करतात, त्यात अन्ननलिका भाजू नये म्हणून डॉक्टरांना फार जपावे लागते आणि नंतर काही आठवडे आम्लाच्या गोळ्याही देतात, इतके हे शेजारी जवळचे. शिवाय मेंदूतून निघालेली एकच मोठी नस, व्हेगस तिचे नाव, दोघांना फांद्या देते. पोट तट्ट फुगले, आम्ल वर आले, की या नसेवाटे हृदयाला धक्का बसू शकतो. विसाव्या शतकाच्या आरंभी रोमहेल्ड नावाच्या जर्मन डॉक्टरांनी पोटातून हृदयाला होणाऱ्या अशा त्रासाचे वर्णन केलेले आहे. मात्र डॉक्टरांनी मला लगेच बजावले, "पित्तामुळेच तुम्हाला हा रोग झाला असे समजू नका. ठिणगीला दारूगोळा लागतो. तुमचा दारूगोळा म्हणजे वय, रक्तदाब, घोरणे आणि हे पोट." असे म्हणून त्यांनी माझ्या पोटावर बोट ठेवले. वजन त्या वेळी ८६ किलो.

वजनाबाबत त्यांनी एका अभ्यासाची माहिती दिली, ती मी टिपून ठेवली आहे. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे याच रोगाच्या ३५५ स्थूल रुग्णांवर काही वर्षे लक्ष ठेवले. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी वजन दहा टक्के किंवा अधिक उतरवले त्यांच्यापैकी सुमारे ४५ टक्के लोकांची लय औषध किंवा जाळण्याच्या उपचाराविना ठीक राहिली. ज्यांचे वजन जेमतेम हलले किंवा वाढले, त्यांच्यात हे प्रमाण १३ टक्के. आणि ज्यांचे वजन वर्षा-वर्षाला खाली-वर होत राहिले त्यांचा फायदा बराचसा वाया गेला. मी हिशेब केला, मला नऊ किलो उतरवायचे होते. सव्वा वर्ष लागले.

ते कसे उतरवले हे ऐकायला आपण उत्सुक असाल, पण त्यात नवल काही नाही. रात्रीचे जेवण सात वाजता आणि निजणे दहाला. पाळीच्या नोकरीत तीस-पस्तीस वर्षे मध्यरात्री डबा उघडण्याची सवय. ती मोडणे भाकरी सोडण्यापेक्षा जड गेले. वाग्भटाने सांगून ठेवले आहे की पोटाचे दोन भाग अन्नाने भरावेत, एक पाण्याने आणि चौथा वाऱ्यासाठी मोकळा ठेवावा. आपण चौथ्या भागात ताक ओततो. मी सुरुवातीला वाटी मोजून घेऊ लागलो. सकाळ-संध्याकाळ पाऊण तास चालणे. खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा ठेवल्या, साधारण सहा इंच. उशा वाढवून हा लाभ होत नाही, उलट पोट दुमडते. आणि डाव्या कुशीवर निजू लागलो. आपली वामकुक्षी वाडवडिलांनी काय विचाराने सांगितली असेल ते असो, डाव्या कुशीवर आम्ल कमी वर चढते हे आजचे डॉक्टरही सांगतात. काहींना मात्र डावीकडे निजले की हृदयाचे ठोके जास्त जाणवतात. त्यांनी उसे उंच करून उताणे निजावे.

आता आपले खानदेशी खाणे. इथे माझ्यावर कोणी रागावू नये. भरीत सोडा असे मी म्हणणार नाही. थंडीत बामणोदची वांगी यावीत, काड्यांवर भाजावीत, बडजीत ठेचावीत आणि माणसाने दूर उभे राहून बघावे, हा छळ आहे. पण वांगे बिचारे निरपराध असते. त्रास देतात त्या त्यात ठेचलेल्या कच्च्या मिरच्या, कच्चा कांदा आणि वर सोडलेले तेल. आमच्या घरी आता भरीत होते ते चार माणसांत दोन मिरच्यांचे, तेल अर्धे, आणि दुपारी. रात्री नाही. कळण्याची भाकरी चालते, एक. शेवभाजीची तरी मात्र मी सोडली. मिरची सर्वांनाच सारखी बाधते असेही नाही. ज्याने त्याने पंधरा दिवस वहीत लिहून पाहावे, काय खाल्ले आणि किती वाजता जळजळले. माझ्या वहीत मिरचीपेक्षा वेळ आणि तूप हे दोन आरोपी जास्त वेळा सापडले. उपाशीपोटीचा चहा हा तिसरा. पुदिना थंड म्हणून आपण चटणी खातो, पण त्याने अन्ननलिकेच्या तोंडाची झडप सैल पडते. गार दुधाने घटकाभर बरे वाटते आणि नंतर पोट पुन्हा आम्ल सोडते.

मीठ हा आणखी एक मुद्दा, कारण रक्तदाब. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, सगळे मिळून. आपल्याकडे उडदाचा पापड, बिबडे, कुरडई आणि लोणचे ताटाच्या डाव्या बाजूलाच एवढे होते.

आणि केळी! आपल्या जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण आपण तिला उपवासापुरतेच ओळखतो. हृदयाच्या विजेला पोटॅशियम लागते आणि मध्यम केळ्यात ते सुमारे ४०० मिलिग्रॅम असते. पोटालाही केळे बहुतेकांना सौम्य जाते. मी रोज एक खातो. मात्र ज्यांचे मूत्रपिंड दुबळे आहे, किंवा रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांनी पोटॅशियम साठते त्या चालू आहेत, त्यांनी विचारल्याशिवाय घडच्या घड संपवू नयेत. आपल्या भुसावळच्या उन्हात मे महिन्यात घाम किती जातो ते मी सांगायला नको. शरीर कोरडे पडले की हृदय बिथरते. हा रोग असणाऱ्यांनी आखाजीच्या सुमारास निर्जळी उपवास करू नयेत. देव त्याबद्दल रागावत असेल असे मला वाटत नाही. आणि दिवसभर उपवास करून संध्याकाळी दाण्याच्या कुटाची साबुदाणा खिचडी ताटभर खाणे हे तर पित्ताला आवतण देणेच.

दारूबद्दल थोडक्यात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्याच एका चाचणीत याच रोगाच्या १४० पिणाऱ्या माणसांपैकी अर्ध्यांना दारू सोडायला सांगितले. सहा महिन्यांत सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांना त्रास पुन्हा झाला, पिणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांना. तंबाखू-चुन्याने झडप सैल पडते, हृदय तापते, आणि बाकीचे काय होते ते सर्वांना माहीत आहे.

आता घरगुती उपायांकडे वळतो, कारण माझे खरे शत्रू तिथे निघाले. खायचा सोडा म्हणजे सोडियम. रक्तदाबवाल्याने रोज तो पिणे म्हणजे वेगळ्या चमच्याने मीठ खाणे. पित्तावर ज्येष्ठमध उगाळून घेण्याची आपल्याकडे चाल आहे. ते रोज बरेच दिवस घेतले तर शरीरातले पोटॅशियम उतरते, रक्तदाब चढतो आणि हृदयाची लय बिघडू शकते. मी ते तीन महिने घेत होतो! दुकानातून सर्रास मिळणाऱ्या आम्लाच्या गोळ्या, ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल वगैरे, चांगल्या आहेत, पण वर्षानुवर्षे न विचारता घेतल्या तर काहींचे मॅग्नेशियम कमी होते आणि त्यानेही ठोके चुकतात. गुडघेदुखीची गोळी मात्र सगळ्यांत वाईट. ती पोट जाळते आणि ज्यांना रक्त गोठू न देणारे औषध चालू आहे त्यांना आतून रक्तस्राव घडवू शकते.

हे रक्त गोठू न देणारे औषध, ज्याला आपण रक्त पातळ करण्याची गोळी म्हणतो, त्यावर मला आजचा मुख्य मजकूर बोलायचा आहे.

अलिंद थरथरते तेव्हा त्याच्या कोपऱ्यातले रक्त साचून राहते. डबक्यातल्या पाण्यासारखे. साचलेल्या रक्ताची गुठळी होते, ती सुटते आणि मेंदूत जाऊन अडकते. त्याला आपण अर्धांगवायू म्हणतो. या रोगात अर्धांगाचा धोका साधारण पाचपट असतो. आणि हे ध्यानात ठेवा, फडफड कधीतरी येऊन जाते की कायम असते, जाणवते की जाणवत नाही, यावर हा धोका मिटत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा झटका, हृदयाचा अशक्तपणा यांची बेरीज करून डॉक्टर गोळी ठरवतात. मला ती सुरू झाली, आजही आहे.

माझे वजन उतरले, जळजळ थांबली, फडफड वर्षातून एकदा-दोनदा यायची तेवढी राहिली. मला त्याचा गर्व झाला. पारावर बसून मी सांगत सुटलो, "अरे, सगळे पोटातच आहे. खाणे सुधारा, हृदय आपोआप सुधारते." ऐकणाऱ्यांत केंद्रातला माझा एक जुना सहकारी होता. त्यालाही हाच रोग. त्याच्या गोळीने त्याला छातीत जळजळे. त्या जातीच्या औषधांपैकी डॅबिगॅट्रानने काहींना तसे होते. माझे ऐकून त्याने जेवण सुधारले, रोज चालू लागला, बरे वाटू लागले, आणि एके दिवशी गोळी बंद केली. घरात सांगितले नाही. मी स्वतः गोळी घेतो हे मी पारावर कधी बोललोच नव्हतो, कारण ते सांगितल्याने माझ्या कथेची रंगत कमी झाली असती.

दोन महिन्यांनी सकाळी त्याच्या उजव्या हातातून चहाची कपबशी सुटली. तोंड वाकडे झाले, शब्द अडखळू लागले. घरच्यांना वाटले पित्ताची भोवळ असेल, लिंबूपाणी दिले, निजवले. दुपारी उठवले तेव्हा उजवा पाय उचलेना. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. ती वेळ लिंबूपाण्यात गेली.

आज तो या मंडपात, पुढच्या रांगेत बसला आहे. त्याच्या परवानगीने मी हे बोलतो आहे. नाव घेऊ नकोस एवढेच तो म्हणाला, आणि ते म्हणायला त्याला वेळ लागला. आता काठीने चालतो. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. मी मात्र स्वतःला दिला आहे, आणि म्हणून हे व्याख्यान.

जळजळीवर उपाय होता, मंडळी. ती गोळी पेलाभर पाण्याबरोबर, जेवणासोबत घ्यायची आणि लगेच आडवे व्हायचे नाही. तरी भागले नाही तर डॉक्टर दुसरी देतात, ॲपिक्साबॅनसारखी. मागावी लागते एवढेच. स्वतःहून एक दिवसही सोडायची नसते. ॲस्पिरिन हा तिला पर्याय नाही, हे औषधाच्या दुकानात कोणी सांगितले तरी ऐकू नका.

जुने वॉरफेरिन किंवा त्याच्या जातीचे औषध ज्यांना चालू आहे त्यांना आणखी एक पथ्य. मेथी, पालक, कोथिंबीर यांतल्या के जीवनसत्त्वाने त्या औषधाचा जोर कमी होतो. म्हणून पालेभाजी सोडायची नाही, पण दर आठवड्याला साधारण सारखीच खायची. श्रावणात रोज मेथी आणि पुढे महिनाभर मुळीच नाही, असे करू नये. रक्ताची आय.एन.आर. तपासणी सांगितल्या तारखेला करावी. आकडा बहुतेकांना २ ते ३ मध्ये लागतो. आपल्याकडे हा रोग नुसता म्हाताऱ्यांचा नाही. लहानपणी घसा सुजून, सांधे धरून ज्यांच्या हृदयाची झडप आकसली, अशा तरुण बायाबापड्यांनाही तो होतो. झडप आकसलेल्यांना जुनेच औषध अधिक हितकारक, असे भारतातले रुग्णही ज्यात होते त्या २०२२ सालच्या एका मोठ्या चाचणीत दिसले. तेव्हा शेजाऱ्याची नवी गोळी चांगली म्हणून आपण बदलून घेऊ नये.

नाडी पाहणे अवघड नाही. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटे ठेवा, घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. ठोके किती यापेक्षा अंतर सारखे आहे का ते पाहा. एखादा ठोका चुकला तर घाबरू नका, पण कसलाच मेळ लागत नसेल तर त्याच वेळी जाऊन पट्टी काढा. नंतर गेलात तर माझ्यासारखी नीट निघेल. छातीत दाबल्यासारखे होऊन घाम सुटला, हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर सोडा शोधत बसू नका. तोंड वाकडे, हात लुळा, बोबडी वळणे, यांपैकी एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करा आणि पहिले लक्षण किती वाजता दिसले ते कागदावर लिहून बरोबर द्या.

समितीला मी एक विनंती केली होती आणि ती त्यांनी मान्य केली याबद्दल त्यांचे आभार. उद्याच्या महाप्रसादाची पहिली पंगत संध्याकाळी साडेसहाला बसेल, कीर्तन नंतर होईल. वरण-बट्टीच आहे. मी दोन घेणार आहे.

आताही सभा संपल्यावर सभामंडपाच्या उजव्या बाजूला ओट्यावर परिचारिका भगिनी बसतील. ज्यांना नाडी आणि रक्तदाब पाहून घ्यायचा असेल त्यांनी थांबावे. माझा सहकारीही तिथेच बसणार आहे, गोळीच्या वेळेबद्दल कोणाला काही विचारायचे असेल तर त्याला विचारा. त्याला बोलायला थोडा वेळ द्या.